सर्वांचे ग्रंथालय

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासस्वामींचा जन्म १६०८ साली याच गावी झाला. त्यांच्या दासबोधात ग्रंथलेखनाची रीत सांगणारा एक स्वतंत्र समास आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. पहिल्या पानावर ते जसे असेल तसेच अखेरच्या पानावरही असावे. कागदाच्या कडेला भरपूर जागा सोडावी, म्हणजे कड झिजली तरी अक्षर झिजणार नाही. इतक्या बारकाईने समर्थांनी हा विषय सांगितला आहे. लेखणी, शाई, चाकू, कातरी यांच्या जोडीला ग्रंथ गुंडाळण्याची बासने आणि मेणकापडे यांचाही त्यात उल्लेख येतो. त्याबरोबरच येतात पेट्या आणि कुलुपे.

ग्रंथाला कुलूप कशासाठी, असा प्रश्न आज पडेल. परंतु त्या काळी छापखाने नव्हते. प्रत्येक ग्रंथ हाताने उतरून काढावा लागे. एकट्या दासबोधाच्याच साडेसात हजारांहून अधिक ओव्या आहेत. नकलनविसाने रोज शंभर ओव्या सुवाच्य अक्षरात उतरल्या, तरी एका प्रतीस अडीच महिने लागत. इतक्या कष्टाने सिद्ध झालेली पोथी लोक सोन्यानाण्यासारखी जपत, यात नवल नव्हते. युरोपातही मध्ययुगात काही ग्रंथालयांतील ग्रंथ लोखंडी साखळ्यांनी मेजांना जखडलेले असत. वाचणाऱ्याने ग्रंथाजवळ जावयाचे. ग्रंथाने जागचे हलावयाचे नाही!

अशा रीतीने मठ, मंदिरे, राजवाडे आणि विद्वानांची घरे हीच जुन्या काळची ग्रंथालये होती. तेथे ज्ञान सुरक्षित राहिले, आणि त्याबद्दल त्या अनाम लेखकांचे उपकार मानलेच पाहिजेत. पण ते ज्ञान थोड्यांच्या हाती होते. पेटीची किल्ली ज्याच्याजवळ, त्याच्याच इच्छेवर सारे अवलंबून असे. ग्रंथ सर्वांचा व्हावयाचा, तर तो प्रथम स्वस्त व्हावयास हवा होता.

हे काम छपाईने केले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. पुढे मराठी छापखाने वाढले, शाळांची क्रमिक पुस्तके निघाली, वृत्तपत्रे सुरू झाली. जे लिहावयास महिने लागत, ते काही दिवसांत शेकडो प्रतींनी बाहेर पडू लागले. तरीही पुस्तक विकत घेण्याइतका पैसा प्रत्येकाजवळ कोठून असणार? तेव्हा अनेकांनी मिळून पुस्तके घ्यावीत आणि सर्वांनी ती वाचावीत, ही कल्पना पुढे आली. महाराष्ट्रातील सर्वांत जुने वाचनालय रत्नागिरीचे असून ते १८२८ साली स्थापन झाले. त्यानंतर नाशिक येथे १८४० साली, पुणे येथे १८४८ साली आणि कोल्हापूर येथे १८५० साली वाचनालये निघाली. पुण्याच्या वाचनालयासाठी लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी पुढाकार घेतला होता. अशा संस्थांना त्या काळी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असे इंग्रजी नाव देत. पुढे ठाण्यास १८९३ साली आणि मुंबईस १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. मराठी ग्रंथ जमवून ते जतन करावेत, हा त्यांचा विशेष हेतू होता.

ही वाचनालये वर्गणीवर चालत. जो वर्गणी देऊ शके, तो वाचक. शिकलेले पुरुष, सरकारी नोकर, वकील, शिक्षक असे लोक तेथे येत. स्त्रिया क्वचितच दिसत, आणि कष्टकरी माणसाला तर ते दार आपले वाटतच नसे. दारावर 'सार्वजनिक' अशी पाटी लावली म्हणून संस्था लगेच सार्वजनिक होत नाही. पेटीचे कुलूप निघाले होते, पण दारात वर्गणी उभी होती.

ती अडचण ओळखून पहिला मोठा प्रयोग केला तो बडोद्याच्या राजाने. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले. १९०६ साली त्यांनी आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेला मुलगा काही वर्षांत अक्षरे विसरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून घेतले. बडोदा शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभारले गेले आणि खेड्यांसाठी एक सुटसुटीत योजना आखण्यात आली. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी काही रक्कम जमविली, की तितकीच रक्कम प्रांताच्या पंचायतीने द्यावयाची आणि तितकीच राज्य सरकारने. गावाच्या एका रुपयाचे अशा प्रकारे तीन रुपये होत. जेथे वाचनालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी पाठविली जाई. गावाने ती वाचून झाली की पेटी परत यावयाची आणि दुसऱ्या गावास जावयाची. पेटी पूर्वीही होती. पण पूर्वीची पेटी ग्रंथ राखण्यासाठी होती, ही ग्रंथ वाटण्यासाठी.

मराठवाड्यातील स्थिती मात्र फार निराळी होती. जालना, परभणी, बीड, नांदेड हा सर्व मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालना शहर औरंगाबाद जिल्ह्यात मोडे. 'जालना सोने का पालना' अशी म्हण लोकांत रूढ व्हावी, इतका तेथील व्यापार भरभराटीचा होता. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि पुण्यामुंबईशी दळणवळण सोपे झाले. पण व्यापार वाढला तशी विद्या वाढली नाही. १९३१ च्या जनगणनेत सबंध संस्थानात शंभर माणसांमागे सुमारे पाच माणसे साक्षर आढळली. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठी मुलाला खालच्या इयत्तांत मराठी मिळे. वरच्या इयत्तांत गेले की गणित, इतिहास, शास्त्र हे सारे उर्दूतून शिकावे लागे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजीऐवजी एका देशी भाषेतून सर्व उच्च शिक्षण द्यावयाचे, ही त्या विद्यापीठाची कल्पना खरोखर धाडसाची होती. परंतु संस्थानातील बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारे होते, आणि त्यांच्या भाषांना तेथे ते स्थान नव्हते.

राजधानीत ग्रंथालय नव्हते असे नाही. १८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांसाठी विख्यात होते. पण अंबड किंवा भोकरदन येथील मराठी मुलाला त्याचा काय उपयोग? तेव्हा लोकांनी आपली सोय आपणच करावयाचे ठरविले. १९०१ साली हैदराबादेत तेलुगू भाषिकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय काढले. त्याच वर्षी परभणीस गणेश वाचनालय सुरू झाले. १९२२ साली हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. मराठवाड्यातील इतर गावांतही हळूहळू लहानमोठी वाचनालये निघू लागली. त्यांचा सरंजाम अगदी साधा असे. मंदिराची ओवरी किंवा कोणाच्या वाड्यातील एखादी खोली, एक कपाट, दोन बाके आणि संध्याकाळी लावावयाचा कंदील. एवढ्यावर वाचनालय उभे राही. ज्यांना वाचता येत नसे त्यांनाही तेथे मज्जाव नसे. एकाने वृत्तपत्र मोठ्याने वाचावे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकावे, असा प्रघात होता.

राज्यकर्त्यांना अशा हालचालींचा संशय येई. १९२९ साली 'गश्ती निशान ५३' या नावाने ओळखला जाणारा हुकूम निघाला. कोणतीही सार्वजनिक सभा भरवावयाची झाल्यास तिला आधी परवानगी घ्यावी, असे त्याने बंधन घातले. खासगी शाळा काढण्यासही परवानगी लागे. बाहेरची अनेक वृत्तपत्रे संस्थानात येऊ देत नसत. आ. कृ. वाघमारे यांनी काढलेल्या 'मराठवाडा' या साप्ताहिकाची हकीकत तर मोठी मौजेची आहे. ते संस्थानाबाहेर, पुण्यास छापले जाई. त्यावर बंदी आली की तेच पत्र दुसरे नाव धारण करून वाचकांच्या हाती पडे. त्या नावावर बंदी आली की तिसरे! जेथे बोलावयास परवानगी लागते, तेथे छापलेल्या शब्दाचे मोल किती वाढते, हे त्या काळच्या वाचकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. शाळा, वाचनालये, गणेशोत्सव आणि साहित्यसंस्था यांतून जी तरुण मंडळी तयार झाली, त्यांपैकी कित्येकांनी पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी घेतली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

स्वातंत्र्यानंतर ग्रंथालयांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. तोवर वाचनालय म्हणजे दात्यांची कृपा किंवा तरुणांचा उत्साह. दाता गेला, उत्साह ओसरला, की कपाटाला पुन्हा कुलूप लागे. वाचनालय ही पाणी, रस्ता, दवाखाना यांसारखीच लोकांची गरज असेल, तर तिला कायद्याचा आधार हवा, असे जाणते लोक म्हणू लागले. या बाबतीत कोल्हापूर संस्थानाने सर्वांच्या आधी पाऊल टाकले. तेथे १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला; भारतातील असा हा पहिलाच कायदा होय. मद्रास प्रांताने १९४८ साली आणि हैदराबाद राज्याने १९५५ साली असे कायदे केले. पण हैदराबादचा कायदा मराठवाड्यात नीट रुजण्यापूर्वीच १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि कोकणापासून मराठवाड्यापर्यंत सर्व राज्यास एकच कायदा लागू झाला.

या कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मद्रासच्या कायद्याने लोकांवर ग्रंथालयकर बसविला आणि त्यातून ग्रंथालये चालविली. महाराष्ट्राने असा कर बसविला नाही. येथे लोकांनी काढलेली शेकडो वाचनालये आधीपासून चालू होती. ती मोडून सरकारी ग्रंथालये काढण्याऐवजी त्यांनाच मान्यता आणि अनुदान द्यावयाचे, असे ठरले. म्हणून महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये आजही लोकांच्या संस्थाच चालवितात. त्यांची अ, ब, क आणि ड अशा चार वर्गांत विभागणी केलेली आहे. ग्रंथांची व वाचकांची संख्या, कामाचे तास, जागा इत्यादी गोष्टी पाहून वर्ग ठरतो आणि त्याप्रमाणे अनुदान मिळते. खर्चाचा काही वाटा मात्र संस्थेने स्वतः उभारावा लागतो. बडोद्याच्या योजनेतील भागीदारीचे तत्त्व येथे वेगळ्या रूपाने आले आहे. आज राज्यात अशी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत.

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे भाग त्यात आले. आता बदनापूर, घनसावंगी व मंठा धरून जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतो. गावोगावच्या ग्रंथालयांची तपासणी करणे, त्यांचे हिशेब पाहणे व अनुदानाची शिफारस करणे ही त्याच्या कार्यालयाची कामे होत. त्यावर विभागाचे कार्यालय छत्रपती संभाजीनगर येथे आणि सर्वांवर मुंबईस ग्रंथालय संचालनालय, अशी ही उतरंड आहे. ग्रंथखरेदीस कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाचेही साहाय्य होते. हे प्रतिष्ठान १९७२ साली स्थापन झाले.

एखादे नवे पुस्तक ग्रंथालयात आले म्हणजे ते थेट कपाटात जात नाही. प्रथम दाखल नोंदवहीत त्याचे नाव, लेखक, किंमत व आल्याची तारीख लिहितात आणि त्याला एक दाखल अंक देतात. हा अंक म्हणजे जणू त्या पुस्तकाचा जन्माचा दाखला. पुस्तक हरवले तरी तो दुसऱ्या पुस्तकास मिळत नाही. त्यानंतर विषय पाहून वर्गांक घालतात. अमेरिकेतील मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली सर्व ज्ञानाचे दहा भाग पाडण्याची पद्धत काढली. त्या पद्धतीत शास्त्रे ५०० पासून, साहित्य ८०० पासून आणि इतिहास व भूगोल ९०० पासून सुरू होतात. मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. त्यापुढे १ लिहिला की कविता, २ लिहिला की नाटक आणि ३ लिहिला की कथा-कादंबरी. ज्याला ही खूण कळली, तो जालन्याच्या ग्रंथालयात मराठी नाटक शोधू शकेल आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयातही शोधू शकेल.

भारतात या विषयाला शास्त्राचे रूप दिले ते शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि मग सारे आयुष्य त्यांनी ग्रंथालयांस वाहिले. ग्रंथ हे राखून ठेवण्यासाठी नसून उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देणे हे ग्रंथपालाचे काम आहे, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सूत्रांत सांगितले. त्याच वर्षी तमिळनाडूतील मन्नारगुडी भागात पुस्तकांनी भरलेली एक बैलगाडी खेड्यापाड्यांतून फिरू लागली. त्या गाडीमागेही रंगनाथन यांची प्रेरणा होती. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

वाचनालयाची सेवा म्हणजे घरी पुस्तक नेणे एवढीच नव्हे. वृत्तपत्रे व नियतकालिके वाचनकक्षात बसून विनामूल्य वाचता येतात. शब्दकोश, विश्वकोश, नकाशे ही साधने घरी नेऊ देत नाहीत. ती तेथेच बसून पाहावयाची असतात, कारण कोणास केव्हा त्यांची गरज लागेल हे सांगता येत नाही. अनेक ग्रंथालयांत बालविभाग व महिला विभाग असतात. ज्या मुलाच्या घरात अभ्यासास शांत कोपरा नाही, त्याला अभ्यासिकेत मेज, खुर्ची आणि दिवा मिळतो. अलीकडे तर परीक्षांची तयारी करणारे तरुणच पुष्कळ ग्रंथालयांत अधिक दिसतात. कथा-कादंबऱ्या वाचणारे कमी झाले म्हणून जुने वाचक हळहळतात. पण खेड्यातून आलेल्या त्या तरुणालाही ग्रंथालयाचीच वाट धरावी लागते, हे विसरून चालणार नाही.

या व्यवस्थेत उणिवा आहेतच. २०१२ साली शासनाने सर्व ग्रंथालयांची पडताळणी केली, तेव्हा काही ठिकाणी ग्रंथालय केवळ कागदावर असल्याचे आढळले. त्यानंतर कित्येक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळाली नाही, आणि प्रामाणिकपणे वाचनालय काढू इच्छिणाऱ्या गावांनाही थांबावे लागले. लहान गावातील ग्रंथपालाचे वेतन अपुरे असते. आहे त्या पैशात वीज, भाडे, वृत्तपत्रे आणि नवी पुस्तके यांचा मेळ घालावा लागतो, आणि बहुधा कात्री लागते ती नव्या पुस्तकांनाच.

तरीही पुस्तक आणि वाचक यांची गाठ रोज पडत असते, आणि तिची नोंदही राहते. पुस्तकाच्या आरंभी किंवा अखेरीस एक कागदी पट्टी चिकटविलेली असते. पुस्तक घरी नेताना ग्रंथपाल तिच्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारतो. काही पुस्तकांच्या पट्ट्या वर्षानुवर्षे कोऱ्याच राहतात. काहींवर मात्र शिक्क्यांच्या रांगा लागतात. पाने मऊ पडतात, पुठ्ठा सुटतो, कोठे शाळकरी हाताच्या शाईचा ठिपका उमटतो. मग ग्रंथपाल पुठ्ठा पुन्हा बांधून घेतो, भरलेल्या पट्टीवर दुसरी कोरी पट्टी चिकटवितो आणि पुस्तक परत कपाटात ठेवतो.